टीबीचे पेढे

मिरकरवाड्यात मी आले की लोक फिल्म घेऊन येतात.
मी उपचार करणारी डॉक्टर नाही, हे सांगून झालंय.
उंदरांची डॉक्टर, असं अब्बांनीच एकदा जेटीवर सांगितलं,
तेव्हा बर्फ फोडणारे सगळे हसले.
तरी येतात.

या खेपेला दत्ताराम भाटकर, जाळी विणणारे.
पिशवीत कोल्हापूरचं मोठं पाकीट,
पाकिटात त्यांचं उजवं फुप्फुस
आणि वरच्या कोपऱ्यात एक ठिपका, लखलखीत.
"सफुरा, काय दिसतंय गो?"

साखर दिसतेय, काका.
सुईतून तुम्हाला टोचली ती, किरणं लावलेली.
जिथे कुणी ती हावरटासारखी खाल्ली, तिथे उजेड पडलाय.
खाणारं कोण, ते मशीन सांगत नाही.
कॅन्सरची गाठ खाते.
टीबीचा जंतू घर करतो तिथली सूज खाते.
आणि त्यांच्यावर धावून गेलेल्या आपल्याच पेशी,
त्याही खातात; लढणाऱ्याला भूक लागतेच.
तिघांचा उजेड एकसारखा.

नऊ वर्षं मी एवढंच करतेय:
साखरेच्या नादी न लागणारा एक रेणू शोधतेय,
जो आपल्या पेशीच्या अंगावरची खूण ओळखेल
आणि तिलाच बिलगून चमकेल.
म्हणजे कळेल, फौज गाठीच्या आत शिरलीय
की बाहेरच गडग्याला टेकून बसलीय, दमून.
पुण्याच्या उंदरांत तो चमकतो.
चारशे बाराव्या उंदरात असा चमकला
की रात्री अडीचला मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.
चारशे तेराव्यात सगळाच्या सगळा मूत्राशयात जाऊन बसला.

अब्बा तांडेल होते.
पाण्यावर काळपट डाग दिसला की बोट करायचे, बांगडा!
कधी बांगडा असायचा,
कधी नुसती ढगाची सावली,
आणि डिझेल तर जळालेलंच.

हे काकांना सांगितलं, आणि म्हटलं, सुई घालून तुकडा काढावा लागेल.
ते फिल्मकडे बघत राहिले, बोटं मांडीवर गाठी मारत होती.
"म्हणजे जाळं टाकायचंच म्हणतेस."

त्यांच्या रक्ताची एक नळी मी मागून घेतली, सही घेऊन.
त्याच संध्याकाळी लाइट गेली.
मग बर्फाच्या कारखान्यातून दोन लाद्या,
आणि रात्रभर अडतीस नळ्या
पापलेटच्या क्रेटशेजारी, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.
सकाळी वॉचमन म्हणाला, मॅडम, ह्याला वास कसा नाही?

अकरा दिवसांनी सुलोचनाकाकू धावत आल्या.
टीबी निघाला!
हातात पेढ्यांचा पुडा.
टीबी झाला म्हणून पेढे वाटणारं घर
मी पहिल्यांदाच पाहिलं,
आणि गल्लीत कुणालाही ते विचित्र वाटलं नाही.
सहा महिने गोळ्या, म्हटलं, एकही चुकवू नका.
लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही.
काका म्हणाले, होऊ दे गो, कसलीपण होऊ दे.

लतीफमामूंचा ठिपका याहून फिका होता.
त्यालाही सगळे टीबीच म्हणाले होते, मीसुद्धा.
चार महिने मामू गोळ्या मोजून घेत राहिले,
अगदी वेळेवर,
केशरी.

पेढा तोंडात टाकला.
साखर एव्हाना रक्तात उतरली असेल;
ती कुठे कुठे जाते ते बघायला
या घरात मशीन नाही.

रात्री वही उघडली.
नळी अडतीस, द. भा., वय एकसष्ट: टीबी.
त्यावरची ओळ अजून कोरी आहे.
सदतीस, भाट्याची बाई, वय चौतीस.
तिची सुई सोमवारी.