अर्थिंग

पावणेसहा. चावी फिरवली
तर टक्.
एकदाच. जीभ टाळूला लावून
कुणी नाही म्हणावं तसं.

लनेल्ली, जानेवारी.
गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.
खाडीवरून आलेलं खारं धुकं काचेवर गोठलंय,
मी ते मुदत संपलेल्या बसपासनं खरवडतेय.
साडेचारशे पौंडांची मायक्रा, माझ्याआधी तीन मालक,
मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं,
डिकीत कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.
विकणारा म्हणाला होता, हिला थोडी माया लागते.
माया लावली.
दिवाळीत नवी बॅटरीही लावली.

दिवे लागतात. वायपर हलतात.
रेडिओवरची बाई वेल्शमध्ये काहीतरी सांगतेय,
मेंढ्यांचे भाव असतील,
कळत काही नाही, पण आवाज खणखणीत.
म्हणजे करंट आहे.
सात वाजता डायलिसिसच्या खुर्च्यांवर सहा माणसं येऊन बसतील,
बाह्या वर करून.

इचलकरंजीत सव्वाअकरा.
शकूताई मोटर-रिवाइंडिंगच्या दुकानात,
दातात तांब्याची तार धरूनच बोलते.
"आवाज ऐकव."
फोन इंजिनाशी धरला तर चावीला हात पुरत नाही.
चावी धरली तर फोन.

तेवढ्यात शेजारचा गेथिन कचऱ्याचा डबा ढकलत आला,
ड्रेसिंग गाउन, पायात सपाता,
बेचाळीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात घालवलेला माणूस.
काही न विचारता त्यानं फोन घेतला
आणि बॉनेटखाली वाकला.

टक्.

"नुसतं टक म्हणतंय," शकूताई. "हेडलाइट लावून फिरव.
मंद होत्यात का?"
नाही. तसेच.
"मग बॅटरीला कशाला शिव्या देतीस? स्टार्टरला जरा ठोक."
मी स्पॅनर मागितला. गेथिननं हळू दोनदा ठोकलं,
दार वाजवून झोपलेल्याला उठवावं तसं.
टक्.

"अर्थिंग बघ," शकूताई म्हणाली.
"अर्थ," गेथिन पुटपुटला त्याच वेळी,
टॉर्च खाली नेत,
तिचं एक अक्षर न कळता.

लहानपणी मला तो मराठीच शब्द वाटायचा.
अर्थ लागतो, तसं अर्थिंग लागतं.
दुकानामागे ताई खड्डा खणायची,
कोळसा, मीठ, परत कोळसा, परत मीठ,
मी वरून बादलीनं पाणी ओतायची,
आणि ती सांगायची, मीठ असलं की जमीन धरते.

इथं मिठानंच खाल्लं होतं.
इंजिनापासून बॉडीकडे जाणारी विणलेली पट्टी,
वेणीएवढी जाड असावी कधीतरी,
आता हिरवी, भुसभुशीत,
चार तारांवर लोंबकळलेली.
चार तारांवर रेडिओवरची बाई बोलते.
इंजिन फिरत नाही.

गेथिननं जंपलीडचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला,
दुसरं सरळ इंजिनाच्या लोखंडाला लावलं.
चावी.
आणि मायक्रा अशी खोकत उठली
की समोरच्या घरात दिवा लागला.

मी निघायला लागले. त्यानं मान हलवली.
असं नाही जायचं.
शेडमधून बिस्किटांचा डबा आणला,
त्यात स्क्रू, वॉशर, एक दात नसलेला कंगवा,
आणि एक पट्टी,
त्याच्या बायकोच्या गाडीची. गाडी भंगारात गेली,
ही तेवढी त्यानं काढून ठेवली होती.
का, ते मी विचारलं नाही.
पाना गारठलेल्या बोटांतून तीनदा पडला.

सहा वाजून पस्तीस.
आरशात गेथिन, दोन बोटांत ती कुजलेली पट्टी,
पकडलेला मासा दाखवावा तशी.
शेजारच्या सीटवरून आवाज आला,
फोन मी ठेवलाच नव्हता.

"लागली का गं?"
लागली.
"किती घेतलं त्यानं?"
काहीच नाही.
ताई जरा थांबली. मागं कुठलीतरी मोटर घुमत होती.
"फुकट केलंय म्हंजे नीट आवळलं नसंल.
संध्याकाळी परत बघ."