अर्थिंग

तारांना हात लावला की गप्प.
हात काढला की बाई बोलायला लागते:
गुलटेकडी मार्केट यार्ड, आज आवक कमी,
कोथिंबीर, शेकडा जुडी…
आणि मग खरखर,
पत्र्यावर कुणी तांदूळ पाखडावेत तशी.

ॲम्प्लिफायर सेकंडहँड. हॉस्टेल सोडून बेंगळुरूला निघालेल्या
एका मुलाकडून घेतला, अडीच हजारांत.
"थोडा आवाज करतो," म्हणाला होता तो.
मला वाटलं, त्यासाठीच तर घेतात.

धनकवडी, तिसरा मजला. शनिवारी
बाणेरच्या एका हॉटेलात माझा पहिला कार्यक्रम,
आणि इथे ऐन सोलोत, हात उचलून थांबायचं तिथे,
मेथी, पालक, शेपू.
केबल बदलली. प्लग बदलला.
फ्रीज बंद करून पाहिला; दूध नासलं, बाई तशीच.
खिडकीशी उभा राहिलो तर बातम्या,
मोरीशी उभा राहिलो तर भजन,
मधल्या दारात दोन्ही.

बेल वाजली. खालचे ढमढेरे.
बनियन, कानाला पेन्सिल, चेहऱ्यावर सोसायटीची नोटीस.
मी आधीच "सॉरी काका" म्हणून मोकळा झालो.
त्यांनी चपला काढल्या,
ॲम्पसमोर उकिडवे बसले, गुडघे कटकन वाजले.
"हात काढ तारांवरून," म्हणाले.
"आणि वाढव जरा."

एकतीस वर्षं पोलिसांच्या वायरलेसवर.
रात्रपाळ्या, हेडफोन. डाव्या कानात आता
नुसती शिटी वाजते, आणि ती कुकरची नसते.
"खरखरीत माणूस शोधायचा, एवढंच काम.
नाव नाही कळलं तरी चालतं.
माणूस आहे का नाही, ते कळलं पाहिजे."

मग रोजच. सव्वासातला.
मी चहा टाकायचा, गिटार कॉटवर उताणी,
ते डोळे मिटून भाव ऐकायचे,
मध्येच बोट वर: थांब, मागे अजून एक कुणीतरी बोलतोय.
मला कधीच ऐकू आला नाही तो.
खाली त्यांच्याकडे रेडिओ आहे, सुनेनं आणलेला,
रिमोटचा, आवाज पाकासारखा.
"त्यात शोधायला काही नाही रे," म्हणायचे,
आणि बशीत चहा ओतायचे.

शुक्रवारी मीच म्हणालो, काका, उद्या कार्यक्रम आहे.
म्हणालो आणि उगाच म्हणालो असं झालं.
ते उठून खाली गेले.
रागावले असतील, असं मला वाटेपर्यंत
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
सोल्डरिंगचं सगळं सामान घेऊन परत आले.

सहा स्क्रू. त्यातले दोन माझ्या हातून गळून कॉटखाली.
गिटारच्या पोटात आतून तांब्याची पट्टी बसवली,
नखानं घासून घासून, एक फुगा राहू दिला नाही.
मग जॅकपाशी भिंग धरलं:
"ही बघ. बाहेरून धरलीय, आतून तडकलीय.
जमिनीशी हिचा संबंध असून नसल्यासारखा.
म्हणून तुझ्या हाताला धरून उभी होती इतके दिवस."
राळेचा वास. निळसर धुराची एक बट
त्यांच्या पेन्सिलीभोवती फिरून वर गेली.

चालू केला.
हात लावला, गप्प. हात काढला,
गप्प.
बाई गेली, तिची कोथिंबीर गेली,
आणि तिच्यामागे बोलणारा, मला न दिसलेला, तोही गेला असणार.
खालून पीएमटी गेली तेवढी ऐकू आली.

ढमढेरे अजून उजवा कान लावून.
"आता यात दुसरं कुणी नाही," म्हणाले.
"वाजेल ते तुझंच."

मी जी मायनर धरला.
घाईत तिसरी तार नीट दबली नाही,
भद्द वाजलं, पत्र्याचं पिंप लवंडल्यासारखं.

"माणूस आहे," ढमढेरे म्हणाले,
आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.