झिरा

बिजासनी घाटात केळीची गाडी उलटली.
क्लीनर भिकन कोळी खाली सापडला.
शिरपूरला आणला तेव्हा पावणेदोन.
पोट ताणलेलं, ओठ राखेचे,
“माले थंडी वाजी ऱ्हायनी,” एवढंच म्हणत होता.

गट ओ निगेटिव्ह.
शहाद्याला फोन, दोंडाईच्याला फोन.
धुळ्यात एक पिशवी होती,
निघायला तास, पोचायला तास.

डॉक्टर बेंडाळे म्हणाले, “वाट बघायची नाही.
पांघरुणं आणा. सलाइन कोमट करा.
रक्त गार झालं की गोठायचं विसरतं,”
आणि स्वतःच उठून त्यांनी पंखा बंद केला.
रक्त थांबवायचं इंजेक्शन शिरेत गेलं.
तपासणीला मी लहान बाळाची बाटली घेतली,
तेवढेच चार थेंब त्याच्याकडे राहोत.

पोट उघडलं. पाणथरी फुटलेली.
“आतडं?”
“शाबूत.”
“मग हे फेकायचं नाही, वळवी सिस्टर. वाटी.”

उकळलेली स्टीलची वाटी,
बाटलीत सायट्रेट, नरसाळ्यावर गॉजच्या आठ घड्या.
मी भरत गेले, ओतत गेले,
फेस येऊ न देता.

हे मी नर्सिंगला शिकले नव्हते.
तळोद्याकडच्या आमच्या नाल्यात, एप्रिलात,
आई वाळूत हातभर झिरा खणायची
आणि बसून राहायची.
घाई केली की गढूळ.
वाटी तिरपी धरायची, काठाला टेकू द्यायची नाही,
हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी.
ती बोलायची नाही. मोजायची फक्त.

मीही मोजत होते.
अकरा. बारा. मध्येच चुकले.
सव्वीस असतील, किंवा सत्तावीस.
मॉनिटरवर साठचे सत्तर झाले,
डॉक्टर म्हणाले, “याहून जास्त नको आत्ता.”

पहाटे बाहेर त्याचा बाप,
मागे तीन पुतणे बाह्या वर करून उभे.
“रंगत कोन्ही दिन्हं?”
“त्यानंच,” मी म्हटलं.
म्हाताऱ्याला वाटलं, मी सांगायचं टाळतेय.
नंतर दोन दिवस तो वॉर्डातल्या प्रत्येकाला
उगाच नमस्कार करत फिरला.

धुळ्याची पिशवी साडेपाचला आली,
बर्फाच्या डब्यात, एकटी.
फ्रीजमध्ये ठेवली.
भिकनचं हिमोग्लोबिन सहा.
आता लोहाची इंजेक्शनं, अंडी, महिनाभर पडून राहणं.

मग वाटी धुवायला घेतली.
पहिलं पाणी गुलाबी निघालं.
मोरीवर हात तसाच थांबला.
आमच्याकडे पाणी असं ओतत नाहीत.