पाच-एक

तोनले सापच्या पाण्यावर आमची शाळा तरंगते.
मोठी बोट गेली की फळा हलतो,
खडू घरंगळतो, आणि मुलं
तरीही एका सुरात म्हणत राहतात :
मुय, पी, बेय, बुअन, प्राम...
मीही असाच शिकलो. वेताच्या तालावर.

कुन्थिया नुसते ओठ हलवायची.
दोन महिने मला कळलंच नाही,
एवढा मोठा होता बाकीच्यांचा आवाज.

परवा माझा घसा बसला.
सांगायला काही उरलं नाही, म्हणून खाली बसलो
आणि टोपलीभर शिंपले ओतले फळ्यांच्या जमिनीवर.
कुणी भिंत रचली. कुणी नुसतेच वाजवले.
विराक तर आडवाच झाला,
रात्रभर बापाबरोबर जाळ्यावर होता म्हणे.
माझा गमछा घातला त्याच्या अंगावर.

"प्राम," कुन्थिया म्हणाली.
असा आहे तर हिचा आवाज, किंचित घोगरा.
मग आणखी एक शिंपला सरकवून :
"प्राम-मुय."
थांबली. आपल्या पंजाकडे पाहिलं,
दुसऱ्या हाताचं एक बोट त्याला लावलं.
"लोक-ग्रू! सहा म्हणजे पाच-एक!
नावातच आहे की!"

चव्वेचाळीस वर्षं हीच भाषा बोलतोय मी.
सहा हजारदा घोकला असेल,
ऐकला नव्हता.

सातासाठी तिला दोन कमी पडले.
विराकच्या मुठीत होते.
एकेक बोट सोडवत
तिने ते काढून घेतले,
त्याची झोप न मोडता.