सूर्योदय किती वाजता ठेवू

टाकी सहा फूट लांब, तळाला काळी माती,
तीत मी बोटांनी रोवलेली वॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन,
आणि दगडाला दोऱ्याने बांधलेला जावाचा नेचा.
वर सोळा वर्षांच्या ट्यूबा.
एक मार्चमध्ये गेली, दुसरी फडफडत राहिली,
आणि तसल्या ट्यूबा आता कुणी बनवत नाही.
बनेनाशा झालेल्या गोष्टींची
ओस्ट्राव्हात आम्हाला सवय आहे.

पोरुबाच्या दुकानात ह्युओंग असते.
आईबाप हायफाँगहून आलेले, ती इथलीच,
माझ्याहून शुद्ध चेक बोलते.
म्हटलं, सगळ्यांत झगझगीत असेल तो दे.
एकोणतीस वर्षं कपाळावर एक दिवा बांधून काढली,
आता कशाला मोजूनमापून?

तिने खोका उचललाच नाही.
"खोली किती, मिकेस्कासाहेब?"
सवयीने तोंडातून गेलं : नऊशे मीटर.
तिला कळायला क्षणभर लागलं.
मग हसू आवरत म्हणाली, पाण्याची.
पासष्ट सेंटिमीटर.

खोक्यावरचा मोठा आकडा तिने अंगठ्याने झाकला.
"लुमेन म्हणजे तुम्हाला किती दिसतं, एवढंच.
झाडांना तुमच्या डोळ्यांशी काय करायचंय?"
काठीच्या टोकाला लावलेला मापक
तिने दुकानातल्या टाकीत सोडला, वीतभर, मग आणखी वीतभर.
आकडा उतरत गेला
पाळीच्या पिंजऱ्यासारखा, न थांबता.
तळाशी जे पोचतं, ते तुमचं. बाकीचं दुकानदाराचं.

मी गप्प झालो.
एकदा, शहाऐंशी साली असेल, छताच्या दगडात नेचा दिसला होता,
पानाची एकही कातर मोडलेली नव्हती.
मागून फोरमन ओरडत होता.
मी पाचेक सेकंद दिवा तसाच वर धरून ठेवला.
किती कोटी वर्षांनी मिळाला असेल त्याला उजेड,
आणि तोही कुणाचा, तर माझा, बॅटरी उतरत आलेल्या दिव्याचा.
मग आम्ही ते छत पाडलं.
कामच होतं ते.

हे मी ह्युओंगला सांगितलं नाही.
विचारलं फक्त, नेच्याला किती लागतो?
"थोडाच. तो सावलीतला.
जास्त दिलात तर आधी शेवाळ जेवायला बसेल,
आणि पंगतीतून उठणार नाही."
लालबुंद रोटालाचं रोप मी हातात घेतलं होतं, ते परत ठेवलं.
त्याला दुप्पट उजेड, वर गॅसचा सिलिंडर, दर आठवड्याला कात्री.
तो संसार माझ्याच्याने व्हायचा नाही.

शेवटी दोन मध्यम दिवे घेतले, शेजारी शेजारी लावायला,
म्हणजे टोकं अंधारात राहत नाहीत.
साडेसहा हजार केल्विनचे.
द्राहोमीराने निघताना बजावलं होतं,
दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला निळा आणू नकोस,
त्या उजेडात आपण दोघंही मेल्यासारखे दिसतो.

रात्री स्टुलावर चढून पट्ट्या बसवल्या. तिने स्टूल धरलं,
आणि नेहमीप्रमाणे माझी पँटसुद्धा.
चाळीस टक्के. सहा तास. ह्युओंगने लिहून दिलेला कागद
काचेला चिकटवला. डाव्या कोपऱ्यात, लाकडाखाली,
उजेड पोचत नाही अशी जागा तशीच ठेवली :
म्हातारा मागूर तिथे राहतो,
त्याला मी चांगला ओळखतो.

मग फोनने विचारलं : सूर्योदय किती वाजता?
मी बोट वर धरून थांबलो.
पहाटेच्या पाळीला सव्वापाचला खाली उतरायचो,
हिवाळ्यात वर यायचो तेव्हा दिवस कलायला लागलेला.
उजाडणं कधीही मला विचारून झालेलं नाही.

"नऊ," द्राहोमीरा उशीत तोंड खुपसून म्हणाली,
"आणि हळूहळू उगवू दे रे,
अर्धा तास तरी."