पेवाचं तोंड

गोधड्यांचं कपाट मी रिकामं केलं तेव्हा
आईनं एवढंच विचारलं, थंडीत काय पांघरायचं?
त्या कपाटात आता तीन कॉम्प्युटर राहतात,
मिरजेच्या दोन दवाखान्यांचे एक्स-रे पोटात घेऊन:
कुणाची मोडलेली बरगडी, कुणाचा गुडघा,
एका बाईच्या छातीतला रुपयाएवढा डाग.
रात्रभर ते जागे असतात. मी झोपते.

मार्च लागला. दार लावलं की
सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, ब्याऐंशी.
चौथ्या पहाटे एकानं मान टाकली.
दार उघडं ठेवावं तर पंख्यांची घरघर
थेट अण्णांच्या उशाशी.
शिवाय मांजर. तिला ऊब म्हणजे आवतण.

टेबलफॅन आणून आत सोडला.
तो त्याच गरम हवेला फिरवत बसला,
कचेरीत आपला अर्ज फिरतो तसा,
या टेबलावरून त्या टेबलावर.

मग दस्तगीर मिस्त्री आले.
दारावर बोटानं टकटक केली, कान लावून ऐकलं.
त्यांचे चुलते तंबोऱ्याचे भोपळे कोरायचे.
म्हणाले, भोक पाडणं सोपं हो, ताई,
कुठं पाडायचं नाही ते कळायला वर्षं जातात.
मी म्हटलं, वर दोन मोठी पाडा, गरम हवा वरच जाते की.
पेन्सिल कानामागं खोचून म्हणाले,
जाईल. पण तिच्या जागी आत येणार कोण?

तेव्हा खाटेवरून अण्णा उठले.
चाळीस वर्षं हळदीची पोती वाहिलेले अण्णा,
माझ्या कामातलं त्यांना
"ते लाईट लुकलुकतंय" एवढंच ठाऊक.
"खाली," म्हणाले. "खाली तोंड पाडा, आडवं.
आन् वरलं त्याच्यासमोर नगं. तिरकं. पार पल्याडच्या कोपऱ्याला."

आणि पेवाबद्दल बोलले, माझ्यासमोर पहिल्यांदाच.
इथंच, हरिपूरच्या मातीत, खोल, माठासारखी पोकळी,
तोंड शेणामातीनं लिंपलेलं.
हळद आत वर्षानुवर्षं बसून राहायची, किडा नाही की मुंगी नाही,
कारण श्वास घ्यायला आत काही नसायचंच.
पेव फोडलं की लगेच उतरायचं न्हाई.
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर वर बसायचं, तंबाखू मळायची,
हवेला तिचा येळ द्यायचा.
इराप्पा बसला नाही एकदा.
त्याला कवठ्याची एसटी गाठायची होती.

एवढं सांगून ते थांबले.
मिस्त्रींनी ड्रिल सुरू केलं.
भुसा पडत राहिला, पिवळट,
आणि आम्ही तिघंही त्या भुशाकडेच बघत होतो.

खालच्या फटीला मच्छरदाणीची जाळी चिकटवली, धुळीसाठी.
वर पंखा, पाठ आत, तोंड बाहेर,
हे मी दोनदा उलटं बसवलं.
अण्णांनी देवघरातली उदबत्ती आणली, फटीशी धरली.
धूर आधी घुटमळला,
मग आडवा झाला, दाराशी वाकला
आणि आत गेला.
"वढतंय," अण्णा म्हणाले.
एकसष्ट. मी त्यांना आकडा दाखवला,
त्यांनी उदबत्तीच दाखवली.

माझ्याकडं अकरा हजार माणसांची हाडं आहेत, क्रमवार.
इराप्पाचं काहीच नाही. आडनावही विचारायचं राहिलं.

परवा रात्री तीनला फोन किंचाळला. शहात्तर.
धावत गेले तर
आईनं गोधड्यांचं गाठोडं नेमकं खालच्या तोंडाशी टेकवलेलं,
आणि अण्णा आधीच तिथं, अंधारात उकिडवे,
एका हातानं गाठोडं ओढत.
मी कपाटाच्या कडीला हात घातला.
"थांब," म्हणाले, "लगेच उघडू नगं.
बस हितं जरा."