वीस क्विंटल इज

सेलूच्या मोंढ्यामागे, पेंडीच्या दुकानावर
एक खोली भाड्यानं घेतली आहे मी.
संध्याकाळी सात ते साडेआठ, इंग्रजी व्याकरण,
तलाठ्याच्या आणि पोलिसाच्या परीक्षेसाठी.
जिन्याला सरकीचा वास.
फळ्यावर गणितवाल्या सरांचा
अर्धवट पुसलेला नफा-तोटा.

आज परिमाणं आणि क्रियापद.
लिहिलं: वीस क्विंटल, पुढे गाळलेली जागा.
अकरा जण एका आवाजात, आर.
वीस हायती ना सर, एक थोडंच हाय.
म्हटलं, नाही. इज.
वजन, अंतर, पैसा, वेळ
एका गठड्यात बांधून समोर ठेवलं
की इंग्रजी त्याला एकच धरते.

मुक्तिराम हसला.
तो दिवसभर मोंढ्यात पोती वाहतो,
मानेवर सुतळीचा वळ घेऊन वर्गात येतो.
सर, वीस क्विंटल इज म्हणणारानं
ते निस्तं काट्यावर बघितलं असंल.
मपल्या मानेला इचारा.
चाळीस पोती व्हती. आर.

वर्ग हसला. मी पण.
मग म्हटलं, परीक्षेत इज लिही, एक मार्क आहे.
एका मार्कापुढे कोणाची मान बोलत नाही.

पुढे अ नंबर ऑफ आणि द नंबर ऑफ.
अ म्हटलं की माणसं दिसतात, म्हणून आर.
द म्हटलं की आकडा पुढे येतो,
माणसं त्याच्यामागे जातात, म्हणून इज.
अठरा वर्षं हे वाक्य मी
खडू न थांबवता सांगत आलो.
आज मागच्या बाकावरून नुजहत म्हणाली,
म्हणजे तहसीलचे सगळे कागद इजमध्येच असतात का, सर?
खडू थांबला.

वैजनाथची दोन महिन्यांची फी राहिली आहे.
त्यानं तेवढ्यात संधी साधली:
सहाशे इज एकदम जमत न्हाई सर,
शंभर-शंभर आर करून देतो.
नियम कळला होता त्याला. पूर्ण मार्क द्यावे लागले.

द्वारका कधी बोलत नाही.
तिची माय बाजार उठल्यावर मोंढा झाडते,
सांडलेली तूर, सोयाबीन, थोडी माती, सगळं सुपात.
तिनं विचारलं, सांडलेलं इज का आर?
म्हटलं, धान्य म्हणालीस तर इज.
दाणे म्हणालीस तर आर.
माय पाखडते तवा धान्य असतंय, ती म्हणाली,
खडे येचते तवा दाणे.
आणि वहीत दोन्ही लिहून घेतलं,
मधे रेघ न मारता.

मग खाली बघूनच:
सर, आपल्यात बाप एकटा असला तरी ‘आले’ म्हणतेत.
माय मात्र ‘आली’.
ह्यो कोणता नियम?

हा मापाचा नाही, मानाचा, मी म्हणालो.
उत्तर बरोबर होतं.
तरी ती फळ्याकडे बघत राहिली,
जसं काही गणितवाल्या सरांच्या
पुसट हिशोबात काहीतरी राहून गेलं होतं.

साडेआठला पेंडीवाल्यानं शटर ओढलं.
पोरं जिन्यावरून उतरली,
अ नंबर ऑफ चपला, आर, आर, आर.
मी दिवा मालवला आणि मंठ्याला फोन लावला.
आई तिथं एकटीच असते, भाऊ नांदेडला.

काय झालं कोण जाणे, तोंडातून निघालं,
जेवलात का?

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
चुलीवर तवा असावा, चर्र वाजला.
मग ती म्हणाली,
कोण कोण?